आपली कथा आणि तिचे मोल

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाची खरेदी, पीकविमा आणि वीजबिल असे तीन विषय झाले. चौथा विषय 'लोकगीत आणि कथागायन' असा छापलेला पाहून काही जणांनी विचारले, "साहेब, आता काय भजनी मंडळ काढायचे आहे काय?" प्रश्न रास्त आहे. बोंडअळीने घर पोखरले असताना गाण्याचे काय घेऊन बसलात, असे कुणालाही वाटेल.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेली माणसे. आमचे शिक्षण सगळे बेरीज-वजाबाकीचे. एकरी बियाणे किती, खत किती, निंदणी-वेचणीची मजुरी किती, उतारा किती आणि शेवटी हातात काय. गेली कित्येक वर्षे हेच आकडे आम्ही तुमच्यापुढे मांडतो. तुम्ही माना डोलावता. घरी गेल्यावर मालकीण विचारते, "काय झालं बैठकीत?" तुम्ही म्हणता, "चांगलं बोलले." काय बोलले ते मात्र सांगता येत नाही. पण हरिश्चंद्राची गोष्ट विचारा. स्वप्नात दिलेले राज्य, वर दक्षिणेचे ऋण, ते फेडायला विकलेली तारामती आणि रोहिदास, डोंबाघरचे पाणी. ही गोष्ट ज्याला अक्षरओळख नाही तोही क्रमाने सांगतो. कर्जाची गोष्ट आहे म्हणून आपल्याला जास्तच लक्षात राहिली असेल. पण ती राहिली, आणि आमचा ताळेबंद राहिला नाही.

आकडे चुकीचे होते असे नाही. आकड्यांना गोष्टीचे पाय नव्हते. म्हणून गोष्ट चालते कशी आणि तिला चालवतो कोण, हे पाहायला आम्ही काही कार्यकर्ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात जाऊन आलो. जे पाहिले ते तुमच्यापुढे ठेवतो.

पिंगुळीची पोथी

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला. तिथे तीन हजार मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे सातशे-आठशे पडला तरी आपण देवाला नारळ फोडतो. तिथे भाताच्या चिमूटभर खाचरा, माड, काजू, मासळी. आणि घरटी एक तरी चाकरमानी मुंबईला. मालवणहून कुडाळला आले की जवळच पिंगुळी नावाचे गाव लागते. तिथल्या ठाकर आदिवासी समाजाकडे चित्रकथीची परंपरा आहे.

चित्रकथी म्हणजे चित्र दाखवून गाऊन सांगितलेली कथा. सांगणारा जमिनीवर बसतो. पुढे फळी उभी, तिच्यावर हातभर कागदाचे एक चित्र. हातात वीणा. साथीला टाळ आणि हुडूक. एका कथेची सगळी चित्रे एका गठ्ठ्यात, त्याला पोथी म्हणायचे. तीस-चाळीस चित्रांची एक पोथी. कथा रामायण-महाभारतातल्या, त्यातही पुष्कळदा आडवाटेच्या, पुराणिकबुवांच्या ग्रंथात सहज न सापडणाऱ्या. जुन्या चित्रांत रंग घरी केलेले, माणसांचे डोळे मोठे, ठसठशीत, म्हणजे देवळातल्या दिव्याच्या उजेडातही मागच्या रांगेला दिसावेत. याच समाजात दोऱ्यांवर नाचवायच्या कळसूत्री बाहुल्या आहेत, आणि दिव्यापुढे धरून पडद्यावर सावल्या पाडणाऱ्या चामड्याच्या बाहुल्याही आहेत.

ही कला काल-परवाची नाही. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. आपल्या मराठवाड्यात पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रेही याच जातीची. त्यांचे संच पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. म्हणजे हे कोकणचे नवल नव्हे. आपल्या पठारावरही हे होते, आपल्याकडचे गेले आणि पिंगुळीचे टिकले. का टिकले, हा आमचा प्रश्न.

शेतकी माणसाच्या नजरेने आम्ही तंत्र पाहिले. पहिली गोष्ट, एका वेळी एकच चित्र. ते पुरते सांगून होईपर्यंत दुसरे पुढे येत नाही. आमच्या भाषणात अर्ध्या तासात चाळीस मुद्दे येतात आणि एकमेकांना तुडवतात. दुसरी गोष्ट, चित्रातली माणसे बोलतात. राजा बोलतो, राणी बोलते, सांगणारा आवाज पालटतो. तिसरी गोष्ट, कथा ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे सांगणाऱ्याने चूक केली तर पुढच्या रांगेतली म्हातारी त्याला टोकते. ऐकणारा तिथे परीक्षक असतो.

ऐकणाऱ्याचा हुंकार

कोकणात ही गोष्ट ठायी ठायी दिसते. गावऱ्हाटीत देवापुढे गाऱ्हाणे घालतात. एक जाणता माणूस उभा राहून गावाच्या अडचणी देवाला सांगतो, पीकपाणी, गुरेढोरे, परमुलखात गेलेली पोरे, आणि प्रत्येक मागण्याला जमलेला गाव एका आवाजात म्हणतो, "व्हय म्हाराजा!" आमच्या मते ठराव मंजूर करण्याची याहून चांगली पद्धत नाही. आपल्या सभेत ठराव वाचला जातो, हात वर होतात, आणि ठरावात काय होते ते हात वर करणाऱ्याला ठाऊक नसते. गाऱ्हाण्यात प्रत्येक कलमाला होकार द्यावा लागतो, आणि होकार द्यायचा तर कान द्यावे लागतात.

दशावताराचेही तसेच. जत्रेच्या रात्री देवळापुढे नाटक उभे राहते. लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते ते ठरते, आणि संवाद नट आपल्या बुद्धीने रंगमंचावरच रचतो. पखवाज, झांज आणि पेटीच्या साथीवर रात्र सरते. ही नटमंडळी पुष्कळशी शेतकरी, कामकरी. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असे तिकडे त्यांच्याबद्दल म्हणतात. गाव त्यांना ऐकतो तो तज्ज्ञाच्या कानाने. कुठल्या नटाने कुठल्या प्रश्नाला काय उत्तर दिले, यावर दुसऱ्या दिवशी बांधावर वाद होतात.

आपल्या पोवाड्यातही झीलकरी असतातच. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, आणि ऐकणाऱ्याला अर्थ मुरवायला सवड मिळते. आजी गोष्ट सांगताना हुंकार मागायची ते याचसाठी. हुंकार थांबला की पोर झोपले असे समजायचे. आपल्या चळवळीत हुंकार थांबला आहे काय, याचा विचार करा.

सांगणाऱ्याचे मोल

आता पैशाकडे येऊ. कला पोटाशिवाय चालत नाही, जशी शेती बियाण्याशिवाय चालत नाही.

सावंतवाडी संस्थानाच्या काळात पिंगुळीच्या ठाकर घराण्यांना गावे वाटून दिलेली होती. ज्याचे जे गाव, त्याने त्या गावच्या देवळात कथा सांगायची. दुसऱ्याच्या गावात शिरायचे नाही. गावाने मानधन द्यायचे. म्हणजे बाजारपेठ बांधलेली होती. सांगणाऱ्याला माहीत होते की पुढच्या वर्षीही मला या देवळात बसायचे आहे, म्हणून पोथी जपायची, पोराला शिकवायचे. १९४८ साली संस्थान विलीन झाले. राजाश्रय गेला, रुपयाची किंमत उतरली, पण देवळाकडून मिळणारे मानधन त्या मानाने वाढले नाही. पुढे सिनेमा आला, टीव्ही आला. खर्च वाढता आणि भाव जुना. ही गोष्ट कुठे ऐकल्यासारखी वाटते ना?

अशा वेळी पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यात २००६ साली संग्रहालय उभे केले. त्याचे नाव ठाकर आदिवासी कला आंगण. जुनी चित्रे, बाहुल्या, वाद्ये तिथे मांडली. येणाऱ्याला नुसते दाखवायचे नाही, खेळ करून ऐकवायचे. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आम्हाला त्या सन्मानाइतकेच गोठ्याचे महत्त्व वाटते. संग्रहालय मुंबईला नेले नाही, माल जिथे पिकतो तिथेच त्याची गिरणी घातली. आपला कापूस गावातून बोंडाच्या भावाने जातो आणि कापडाच्या भावाने परत येतो. पिंगुळीने आपली कथा तरी तशी जाऊ दिली नाही.

देशात दुसरीकडेही हाच हिशेब दिसतो. राजस्थानात पाबूजीची कथा लांबलचक रंगवलेल्या पडावर, म्हणजे कापडी पटावर, भोपा आणि त्याची बायको रात्रभर गातात. त्यांचे मोठे आश्रयदाते उंट-मेंढ्या पाळणारे रबारी. जनावरे आजारी पडली की ते पाबूजीची कथा लावतात. पशुपालकाच्या गरजेशी कथा बांधली गेली, म्हणून ती शतके चालली. बंगालात मेदिनीपूरकडच्या नया गावचे पटुआ पट उलगडत गातात. पूर्वी दारोदार तांदूळ मिळायचा. आज ते देवादिकांबरोबर २००४ च्या त्सुनामीचेही पट रंगवून गातात. कथा जुनीच हवी असा काही नियम नाही.

पण भावांनो, जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना जपून. आपल्या गावांतही सुगीला वासुदेव, गोंधळी, पोतराज, नंदीबैलवाले यायचे, आणि खळ्यावर त्यांना सुपाने ज्वारी मिळायची. त्यात हक्क किती आणि लाचारी किती? खळ्यावर उभे राहून हात पसरणाऱ्याला विचारा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करण्याचे विधेयक आणले, ते असल्या खळ्यावरच्या तुकड्याने माणूस बांधला जातो म्हणूनच. आंबेडकरी जलशांनी हीच गोष्ट गावोगाव गाऊन सांगितली आणि पिढ्यान् पिढ्यांची लाचारी मोडली. ती व्यवस्था परत आणायची नाही. पण तिच्या जागी आपण काय आणले? मळणीयंत्र आले, खळे गेले, खळ्यावरचे सूपही गेले. भीक थांबली हे चांगलेच झाले, पण मोबदला सुरू झाला नाही. आज आपण लग्नात डीजेला हजारो मोजतो आणि गावच्या शाहिराला नारळ आणि टोपी देतो. घामाचे दाम मागणाऱ्या माणसांना हे शोभत नाही.

शाहिराला मोल देणे नवे नाही. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा आज मिळणाऱ्या सगळ्यात जुन्या पोवाड्यांपैकी. प्रसंग १६५९ चा. शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचे त्या पोवाड्यातच नमूद आहे. आणि हे पोवाडे शाहिरांनी तोंडी जपले म्हणूनच १८९१ साली ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांना ते गोळा करून छापता आले.

आपल्या घरातले भांडार

आता मायबहिणींकडे वळतो, कारण खरे भांडार तुमच्याकडे आहे. ज्वारीच्या काढणीत एका ओळीत विळे चालवताना म्हटलेली भलरी, मोटेवरची गाणी, भुलाबाईची गाणी आणि जात्यावरची ओवी. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामातली एक शिस्त आम्हाला फार मोलाची वाटते: ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदले. 'अज्ञात लोककवी' असे लिहून मोकळे झाले नाहीत. सातबाऱ्यावर जिचे नाव लागले नाही, तिचे नाव निदान तिच्या ओवीला लागले.

पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. पहाटे चारला उठून दळणाचा जाच परत यावा असे कुणी म्हणणार नाही, आणि म्हणेल तर त्याने स्वतः दळावे. पण जात्यापाशी बाई जे बोलायची, सासरचे, माहेरचे, कर्जाचे, मेलेल्या बैलाचे, ते बोलायची जागा गेली. तिला दुसरी जागा मिळाली का?

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण तर कपाशीच्या मुलखातले. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्म. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता गाणी रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि दुसरे एक नातलग ती कागदावर उतरवून घेत, म्हणून ती वाचली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. आता हिशेब करा. एका घरात लिहून घेणारा होता म्हणून एक बहिणाबाई मिळाली. ज्या घरांत लिहून घेणारा नव्हता, तिथल्या किती गेल्या?

घोषणा नको, गोष्ट हवी

चळवळीने गाणे हाती घेतले की एक धोका असतो. गाण्याचे पत्रक होते. शाहीर उभा राहतो आणि मागण्यांची यादी चालीवर म्हणतो. लोक टाळ्या वाजवतात आणि विसरतात. जे टिकले ते तसे नव्हते. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊंची 'माझी मैना' गाजली. ती आहे एका कामगाराच्या विरहाची. पोटासाठी मुंबईला आलेला माणूस, बायको गावाकडे. त्या वाटेने जाता जाता बेळगाव-कारवारच्या ताटातुटीचे दुःख येते. आधी माणूस, मग मागणी.

म्हणून आपण एक गोष्ट हाती घ्यावी असे आमचे सांगणे आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. सरकारने विशेष चौकशी पथक नेमले. अहवाल झाले, बातम्या झाल्या. आज तो अहवाल कुणाच्या तोंडी आहे? त्या वर्षी मिसरूड न फुटलेली पोरे आज पाठीवर पंप घेऊन उभी आहेत. त्यांना ही गोष्ट कुणी सांगितली?

चित्रकथीने ती कशी सांगितली असती? पहिल्या चित्रात कपाशी. त्या वर्षी ती खांद्याच्या वर गेली होती, दाट झाली होती, म्हणून फवारा थेट तोंडावर येत होता. दुसऱ्या चित्रात बोंडात शिरलेली गुलाबी अळी आणि घाबरलेला मालक. तिसऱ्यात कृषी सेवा केंद्र आणि एकाच बादलीत कालवलेली दोन-तीन औषधे. चौथ्यात उघड्या अंगाचा मजूर, ना मास्क, ना हातमोजे, आणि समोरून येणारा वारा. पाचव्यात संध्याकाळ, डोळ्यांपुढे अंधारी, आणि बायको म्हणते, "ऊन लागलं असेल." सहाव्यात दवाखान्याची वाट. ही सहा चित्रे पाहिलेल्या पोराला 'वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करा, औषधे आपल्या मनाने मिसळू नका, दवाखान्यात जाताना औषधाचा डबा बरोबर न्या' हे वेगळे शिकवावे लागणार नाही. आमच्या पत्रकात हेच लिहिले होते. पत्रकात वडे बांधून गेले.

करायचे काय

खर्च आधी सांगतो, तशी आमची सवयच आहे. चार माणसांचा संच. पंधरा दिवस तयारी, म्हणजे साठ मजुरीचे दिवस. दहा गावांत दहा खेळ, म्हणजे आणखी चाळीस. एकूण शंभर. एका गावाच्या वाट्याला दहा मजुरीचे दिवस. मजुरी चारशे रुपये धरली तर चार हजार रुपये. शंभर घरांच्या गावात घरटी चाळीस रुपये. कागद, रंग, गाडीभाडे धरून पन्नास समजा. एका फवाऱ्याच्या औषधाचा खर्च तुम्हाला आमच्याहून चांगला माहीत आहे. तुलना तुम्हीच करा.

तेव्हा चार कामे. एक, प्रत्येक तालुक्याने या उन्हाळ्यात एक गोष्ट निवडावी. ती आपल्याच तालुक्यात घडलेली असावी, आणि ज्या घरात दुःख झाले त्या घराला विचारल्याशिवाय, त्यांनी 'हो' म्हटल्याशिवाय गाऊ नये. दोन, चित्रे गावच्या पोरांनी काढावीत. शाळेतला चित्रकलेचा मास्तर आणि बैलपोळ्याला भिंती रंगवणाऱ्या बाया पुरेशा आहेत. तीन, ज्या बायांना ओव्या, भलरी, भुलाबाई येते, त्यांच्याकडून कॉलेजातल्या मुलींनी त्या वहीत उतरवून घ्याव्यात, मोबाईलवर आवाज धरावा, आणि प्रत्येकीखाली नाव-गाव लिहावे. चार, गाणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला खेळ संपताच रोख पैसे द्यावेत. उधारी नाही, नारळ-टोपी नाही. व्यापारी आपल्याला पट्टी उशिरा देतो तेव्हा आपण काय म्हणतो ते आठवावे.

पुढच्या जिल्हा बैठकीत आमचे भाषण अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटांचे असेल. उरलेली वीस मिनिटे ज्या तालुक्याची गोष्ट तयार असेल त्याची. सांगणारे तुमचे, चित्रे तुमची. आम्ही पुढच्या रांगेत बसून हुंकार देऊ, आणि आमच्या वाट्याचे पन्नास रुपये आधी टाकू. कोणता तालुका पहिला, तेवढे आज इथून उठण्याआधी सांगा.